एका फेरीची धून

"अर्ज कोणी भरला?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"आणि भरायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मलाच वाटलं."

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे चोळले. टेबलाखाली त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि सुजलेले पाय एकावर एक टाकले होते. मोफत कायदा सल्ल्याची ती खोली कोर्टाच्या कँटीनला लागून होती. कपबशा वाजल्या की बाबांची मान आपोआप तिकडे वळायची. माझ्या मांडीवर माझी सात महिन्यांची मुलगी अर्जाच्या प्रतीचा कोपरा तोंडात घालायला बघत होती.

"खाऊ दे तिला," वकीलबाई म्हणाल्या. "त्या कागदाचा दुसरा काही उपयोग नाही."

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नोकरी करता?"

"पाणीखात्यात. कारकून आहे. सध्या बाळंतपणाची रजा."

"तरीच," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

त्या बाबांकडे वळल्या. "हे बघा काका, सोपं करून सांगते. तुम्ही जिथं वाजवता ते भुयार सार्वजनिक आहे. नगरपालिकेनं बांधलं, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून बांधलं. अशा जागी एखादा माणूस भोंगा न लावता, कोणाची वाट न अडवता वाजवत बसला तर त्याला परवानगी लागत नाही. वरच्या कोर्टानं सहा वर्षांपूर्वीच हे स्वच्छ सांगितलंय. तुम्हाला उठवायचा अधिकार त्या पहारेकऱ्याला नव्हता, आणि त्याच्या साहेबालाही नव्हता."

बाबा पुढे सरकले. "म्हणजे अकरा वर्षं मी बरोबर होतो?"

"अकरा वर्षं बरोबर होतात. मग परवान्याचा अर्ज केलात." त्यांनी लेकीच्या हातातून कागद हळूच सोडवला आणि उलटा केला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत अटी होत्या. "ही सातवी. वाटप झालेल्या जागेखेरीज इतर कोणत्याही सार्वजनिक जागेवर अर्जदाराचा हक्क राहणार नाही व तो तसा दावा करणार नाही. खाली तुमची सही."

सहीच्या शेजारी पेन्सिलीनं केलेली एक लहानशी फुली अजून दिसत होती. ती माझी होती.

*

बाबा एकतीस वर्षं इस्पितळात लिफ्टमन होते. जुनी लिफ्ट, जाळीच्या दाराची, पितळी दांडा फिरवून चालवायची. तळमजला ते पाचवा, पाचवा ते तळमजला. घरीसुद्धा ते मजल्यांच्या भाषेत बोलायचे. मी लहानपणी चिडले की म्हणायचे, "आज बाईसाहेब चौथ्या मजल्यावर आहेत, खाली यायला वेळ लागेल."

पाचव्या मजल्यावर आठवड्यातून दोनदा एक म्हातारे संगीतशिक्षक रक्त शुद्ध करून घ्यायला यायचे. त्यांच्याकडे अकॉर्डियन होती, म्हणजे गळ्यात अडकवायची पेटी, उजव्या हाताला पट्ट्या आणि मधे भाता. पेटी घरी असायची, शिकवणी मात्र लिफ्टमध्ये व्हायची. वर जाताना मास्तर एक धून गुणगुणायचे, खाली येताना बाबांनी ती म्हणून दाखवायची. चुकली तर पुढच्या खेपेला पुन्हा. अशी चार वर्षं चालली. पुढे मास्तरांची बोटं सुजून पट्ट्यांवर बसेनाशी झाली तेव्हा त्यांनी पेटीच बाबांना देऊन टाकली. बाबांना येणाऱ्या सगळ्या धुना त्यामुळे एकाच मापाच्या. तळमजल्यावर सुरू व्हायची ती पाचव्यावर संपायची. त्याहून लांब काही त्यांना येतच नाही.

नव्या लिफ्ट आल्या, बटणांच्या. बाबांना घरी बसवलं. दोन महिने ते खरंच बसले, खिडकीजवळ. मग एके दिवशी पेटी खांद्याला लावून बाहेर पडले ते इस्पितळासमोरच्या भुयारी मार्गात जाऊन थांबले. हे भुयार मोठ्या रस्त्याखालून जातं. एका टोकाला इस्पितळ, दुसऱ्या टोकाला बसथांबे. भिंतींना पांढऱ्या फरशा आहेत, त्यातल्या बऱ्याच पिवळ्या पडल्यात. आवाज तिथं विरत नाही, तुमच्यासोबत चालत येतो.

"शोधलं मी," त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होते. "बरोब्बर एका फेरीचं भुयार आहे."

त्यांचं म्हणणं खरं होतं. इस्पितळाच्या बाजूनं माणूस शेवटची पायरी उतरला की बाबा धून सुरू करत. तो त्याच्या चालीनं भुयार पार करायचा, आणि बसथांब्यांच्या बाजूच्या पायरीवर त्याचा पाय पडायचा तेव्हा धून संपत आलेली असायची. म्हाताऱ्यांसाठी बाबा संथ घ्यायचे, धावत सुटलेल्यांसाठी पळवायचे. समोर लिफ्टमनची जुनी टोपी उलटी ठेवलेली असे. तिच्यात काय पडतं याच्याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. त्यांचं लक्ष लोकांच्या पायांकडे आणि हातांकडे.

हातांकडे, कारण एकतीस वर्षांत त्यांना तेवढी एक विद्या आली होती. कोण दाखल व्हायला चाललंय, कोण घरी निघालंय, हे ते हातातल्या सामानावरून ओळखत. आणि एखादं माणूस पेशंटचे कपडे पिशवीत कोंबून, पेशंटशिवाय, कोणाकडेही न बघता उतरायला लागलं की बाबा भाता मिटायचे. बोटं मात्र थांबत नसत. भात्यात हवा नाही म्हणून सूर नाही, पण पट्ट्यांवर बोटं धून पुढे नेत राहायची, टक टक, अगदी बारीक. ते माणूस भुयाराबाहेर पडलं की पुन्हा भाता उघडायचा आणि धून जिथं पोहोचली असेल तिथून ऐकू यायला लागायची.

"थांबवायचं असतं ना, तर पूर्ण थांबावं," मी एकदा म्हटलं होतं.

"लिफ्ट मधेच थांबवत नाहीत," बाबा म्हणाले. "नुसता दिवा मालवायचा."

आई गेली तेव्हा मी सातवीत होते. त्या दिवशी बाबांनी तिला स्वतःच्या लिफ्टमधून खाली आणलं. मग तिच्या कपड्यांची पिशवी घेऊन ते याच भुयारातून घरी आले, आणि भुयाराच्या तोंडाशी कुणाचातरी रेडिओ जोरात चालू होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, तेही रेडिओ चांगल्या कंपनीचा होता असं म्हणून.

हळूहळू इस्पितळातल्या नर्सेसना, वॉर्डबॉयना ते कळलं. बाबांचा भाता मिटलेला दिसला की ते बोलणं थांबवत, भिंतीच्या कडेला सरकत आणि मागून येणाऱ्याला मधली वाट मोकळी करून देत. कोणी कोणाला हे शिकवलं नव्हतं.

*

पहारेकरी गेल्या वर्षी आला. त्याच्याबरोबर पाटीही आली: ‘भुयारी मार्गात गाणे, वाजवणे व विक्री करण्यास मनाई आहे.’ विक्री तिथं कोणी करतच नव्हतं. पायऱ्यांपाशी एक चांभार बसायचा, इस्पितळाजवळ म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. त्याच्याकडे बसायचा परवाना होता, वडिलांच्या नावाचा, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला टांगलेला.

पहारेकरी वाईट माणूस नव्हता. "काका, मला बोलणी बसतात," एवढंच म्हणायचा. पण एके दिवशी त्याचा साहेब आला आणि बाबांचं स्टूल उचलून पायऱ्यांवर नेऊन ठेवलं. बाबा त्या दिवशी उभ्यानं वाजवत राहिले. आठ किलोची पेटी, अडुसष्ट वर्षांचा माणूस. घरी आले तेव्हा पट्ट्यांचे वळ खांद्यावर उमटले होते. मी तेल लावून दिलं. मला नववा महिना लागला होता, वाकता येत नव्हतं, म्हणून ते जमिनीवर बसले आणि मी खुर्चीवर.

"डॉक्टरला का नाही उठवलं?" मी विचारलं.

"त्याच्याकडे कागद आहे."

तेवढं ऐकलं आणि माझ्यातला कारकून जागा झाला. आठ वर्षं मी खिडकीमागे बसलेय. खरं बोलणारी माणसं कागद नाही म्हणून परत जाताना पाहिलीत आणि खोटी माणसं कागद दाखवून नळजोड घेऊन जाताना पाहिलीत. मला वाटलं, बाबांना एक कागद मिळवून द्यायचा. शिक्का असलेला. मग कोणी त्यांच्या स्टुलाला हात लावणार नाही.

फॉर्म आणून ठेवला होता, पण भरायला मुहूर्त लागला तो लेक दीड महिन्याची झाल्यावर. एका दुपारी ती दूध पिता पिता झोपेल असं वाटलं आणि मी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं लिहायला बसले. नाव, वय, पत्ता. ‘वापराचे स्वरूप’ या रकान्यात तीन चौकोन होते: धर्मादाय, व्यावसायिक, इतर. धर्मादायवर मी काट मारली, कारण माझे बाबा भीक मागत नाहीत. इतर लिहवेना. एकतीस वर्षं लिफ्टचा दांडा फिरवून, म्हाताऱ्या मास्तरांकडून तुकड्या-तुकड्यानं शिकून आलेला माणूस सरकारी कागदावर ‘इतर’ कसा होईल? मी व्यावसायिकवर खूण केली. जरा जोरातच केली. मला तेव्हा छान वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

सहीच्या जागी दोन फुल्या केल्या, एक पुढे, एक मागे. मागची करताना लेक खोकली. मी तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, आणि तो कागद वाचायचा राहिला. माझ्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, मागची बाजू वाचून सही करा.

"कुठं?" बाबांनी विचारलं.

"फुली आहे तिथं."

त्यांनी चष्मा शोधलासुद्धा नाही.

परवाना पाच महिन्यांनी आला. मंगळवार आणि शनिवार, दुपारी चार ते सहा, जागा क्रमांक चौदा. जागा क्रमांक चौदा म्हणजे ट्रक उभे करायच्या मैदानामागचा सिमेंटचा चौथरा. त्यावर पांढऱ्या रंगात १४ लिहिलं होतं, बाकी काही नव्हतं. आणि परवान्याबरोबर भुयारातल्या पहारेकऱ्याला एक पत्र गेलं होतं: सदर व्यक्तीस अन्यत्र जागा दिलेली असल्याने येथे वाजवू देऊ नये.

पहिल्या मंगळवारी मी लेकीला घेऊन बाबांबरोबर गेले. ते चौथऱ्यावर बसले, पट्टे खांद्यावर चढवले, भाता उघडला आणि समोर बघत राहिले. कोणीच चालत नव्हतं. लांब एक ड्रायव्हर ट्रकखाली झोपला होता. बाबांनी एक धून वाजवली. ती उघड्यावर कुठल्या कुठे गेली. संपली तेव्हा समोर पहिल्यासारखंच मैदान होतं.

"अजून एक वाजवा ना," मी म्हटलं.

"वर गेलो आणि दारच उघडलं नाही," बाबा म्हणाले. हसून म्हणाले, पण पेटीचं झाकण लावायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

*

वकीलबाईंनी वाट काढली होती. तीन दिवसांनी परवाना विभागात सुनावणी होती आणि त्यांनी बाबांच्या नावानं एक प्रतिज्ञापत्र तयार केलं होतं.

"हक्क असा सहीनं सोडता येत नाही, हे मी वर जाऊन भांडू शकते," त्या म्हणाल्या. "पण त्याला तीन-चार वर्षं जातील. काकांचं वय बघता मला तो रस्ता नको. त्यापेक्षा हा जवळचा. सही मजकूर न समजता केली, असं सिद्ध झालं की सही रद्द. सही रद्द म्हणजे अर्ज रद्द, अर्ज रद्द म्हणजे काका पुन्हा त्यांच्या भुयारात. साहेब तुम्हाला एकच प्रश्न विचारतील काका, सही समजून केली का. तुम्ही नाही म्हणायचं. खरं तेच सांगायचंय, काही बनवायचं नाही."

"जमेल," मी म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी तो प्रतिज्ञापत्राचा कागद मागितला आणि या वेळी चष्मा लावून वाचला. एकदा वाचून पुन्हा वाचला. मी पाळण्याला झोका देत त्यांच्याकडे बघत होते. त्यांचं बोट ओळींवरून चालत होतं आणि काही ठिकाणी थांबत होतं.

"ह्यात तू पाच वेळा आलीयेस," ते म्हणाले.

"मीच भरला ना अर्ज."

"‘अर्जदाराच्या मुलीने मजकूर वाचून दाखवला नाही. मुलगी शासकीय सेवेत असून तिला अर्जाच्या परिणामांची कल्पना असणे अपेक्षित होते. तिने अर्जदारास अंधारात ठेवून...’"

"वकिली भाषा असते ती बाबा."

"अंधारात कुठं ठेवलंस? दुपार होती."

"बाबा."

"तू तेव्हा झोपली नव्हतीस किती दिवस. हे नाही लिहिलं त्यांनी."

"ते लिहायची गरज नसते. आणि जे लिहिलंय ते खरं आहे. मी नाही वाचून दाखवलं."

"खरं असेल गं." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "पण तुझ्याच नगरपालिकेची कचेरी ती. तुझे साहेब वाचतील. कागद राहतो. तूच सांगतेस ना, माणूस जातो, कागद राहतो."

"वाचू देत. मला काही होत नाही त्यानं."

"बरं," बाबा म्हणाले आणि पाळण्याची दोरी माझ्या हातातून घेतली. "तू झोप थोडी. ही मी बघतो."

मला वाटलं, पटलं त्यांना.

*

परवाना विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टमध्ये शिरताच बाबा सवयीनं बटणांपाशी उभे राहिले. मागून चार माणसं आली. "कितवा?" बाबांनी विचारलं, प्रत्येकाला वेगळं. माणसांनीही सांगितलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिसरा आला तेव्हा सगळ्यांना आधी जाऊ देऊन बाबा शेवटी उतरले.

साहेबांना सर्दी झाली होती. टेबलावर फायलींच्या मधे औषधी गोळ्यांची पट्टी होती आणि ते दर दोन वाक्यांनी रुमाल काढत. वकीलबाईंनी वरच्या कोर्टाच्या निकालाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली, मग प्रतिज्ञापत्र ठेवलं. साहेबांनी दोन्ही वाचलं. निदान पानं तरी सगळी उलटली.

"मॅडम, निकाल मला माहितीये," ते म्हणाले. "तो आमच्याही उरावर आहे. पण यांनी स्वतःहून परवाना मागितला. मागितला म्हणून दिला. न मागते तर आम्हीच अडचणीत होतो." त्यांनी बाबांकडे बघितलं. बोलणं तुसडं नव्हतं. "आजोबा, मला कोणाच्या पोटावर पाय नाही द्यायचा. हे तुमचं प्रतिज्ञापत्र. यावर सही करायच्या आधी मला तुम्हाला एकदा विचारावं लागतं. अर्जावर सही केलीत तेव्हा काय लिहिलंय ते तुम्हाला समजलं होतं का?"

वकीलबाईंनी पेन उघडून बाबांच्या पुढे ठेवलं.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या कडेवरच्या लेकीकडे बघत होते. ती साहेबांच्या टेबलावरच्या घंटीकडे झेपावत होती.

"हो," बाबा म्हणाले. "समजून केली."

वकीलबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"काका, प्रश्न नीट ऐकलात का?" वकीलबाईंनी विचारलं.

"ऐकला बाई. मुलीनं सगळं वाचून दाखवलं होतं. मीच आगाऊपणा केला. मला वाटलं दुसरी जागा चांगली असेल." त्यांनी पेनाला टोपण लावून ते वकीलबाईंच्या बाजूला सरकवलं. "तुम्हाला उगीच त्रास दिला."

"साहेब, असं नाहीये," मी म्हणाले. "मी त्यांना काहीही..."

"तिची झोप होत नाही," बाबा साहेबांना म्हणाले. "लहान मूल आहे."

साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ तसाच धरला. त्यांना कळलं होतं. वकीलबाईंना तर कळलंच होतं. पण कागदावर जायचं होतं ते उत्तर बोलून झालं होतं, आणि कोपऱ्यातल्या टंकलेखकानं ते लिहूनही घेतलं होतं.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई भिंतीला टेकल्या. मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी फक्त एका चपलेतून पाय काढून बोटं हलवली. "बावीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "मला खोटं बोलून जिंकणारे पुष्कळ भेटले. काका, तुम्ही खोटं बोलून हरलात." मग माझ्या दंडाला हात लावून त्या पुढच्या तारखेला निघून गेल्या.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो.

"का असं केलंत?" मी विचारलं. "खोटं का बोललात?"

"खोटं कुठं?" बाबा म्हणाले. ते आकड्यांकडे बघत होते. "सही करताना मला एवढं समजलं होतं की तू माझ्यासाठी काहीतरी करते आहेस. समजूनच केली की."

दार उघडलं. "तळमजला," ते म्हणाले, आणि आम्ही उतरेपर्यंत दारावर हात ठेवून उभे राहिले.

*

पुढचे चार दिवस बाबा खिडकीजवळ बसले. मी बोलले की ते उत्तर द्यायचे. जेवायचे. लेकीला अंगाखांद्यावर खेळवायचे. पेटी कपाटाच्या वर होती. पाचव्या दिवशी सकाळी मी उठले तर पेटीही नव्हती आणि बाबाही नव्हते. शनिवार होता. मला वाटलं, चौथऱ्यावर गेले असतील, पण चारला अजून किती वेळ होता.

मला लेकीची लस टोचायला इस्पितळात जायचं होतं. सुई टोचली तशी ती जी रडायला लागली ती बाहेर येईपर्यंत थांबेना. तिच्या धुतलेल्या-मळलेल्या कपड्यांची पिशवी एका हातात, ती दुसऱ्या कडेवर, अशी मी भुयाराच्या पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीपाशी डॉक्टर चांभारानं मला पाहिलं आणि हातातला बूट खाली ठेवला.

"ताई, बघा तुमच्या बाबांना," तो हळूच म्हणाला.

बाबा त्यांच्या जागी होते. स्टूल होतं. टोपी नव्हती, समोरची फरशी मोकळी होती. पेटी गळ्यात होती आणि भाता मिटलेला होता, वरचा-खालचा चामडी पट्टासुद्धा लावलेला. बोटं पट्ट्यांवर चालत होती.

"सकाळपासून असंच," डॉक्टर म्हणाला. "पहारेकरी आला. म्हणाला, काका, वाजवायचं नाही. तुमचे बाबा म्हणाले, वाजवत नाहीये. त्यानं कान लावून बघितलं हो खरंच. मग साहेबाला फोन केला. बसलाय, पेटी घेऊन बसलाय, नाही, आवाज नाही, नाही, टोपी पण नाही. साहेब काय म्हणाला कोण जाणे. नुसतं बसायला परवाना लागत नाही ना ताई?"

"नाही," मी म्हणाले.

पहारेकरी पलीकडे त्याच्या खुर्चीत बसला होता. पाटीच्या खालीच. त्यानं मला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

लेक अचानक रडायची थांबली. मग मलाही ऐकू आलं. टक टक टक, फरशांवरून येणारं, नखानं लाकडावर वाजवावं तसं. तिला ते ओळखीचं असावं. घरी बाबा तिला झोपवायला भाता मिटूनच वाजवायचे.

तेवढ्यात माझ्या मागून पावलं आली. पाळी संपवून निघालेल्या दोन नर्सेस कशावरून तरी हसत पायऱ्या उतरत होत्या. पुढच्या, वयानं मोठ्या असलेल्या नर्सनं शेवटच्या पायरीवर बाबांना पाहिलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं. तिनं दुसरीच्या मनगटाला धरलं. खांद्याची पर्स छातीशी घेतली, दोघी भिंतीला सरकल्या आणि मग कोण येतंय ते बघायला तिनं वळून मागे पाहिलं.

पायऱ्या रिकाम्या होत्या. मीच होते. हातात कपडे कोंबलेली पिशवी, कडेवर रडून थकलेली लेक.

फक्त लस टोचून आणलीय, असं सांगावं असं माझ्या मनात आलं.

"या," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही आधी जा."

मी गेले. त्या दोघींनी आणि त्यांच्या मागून आलेल्या एका माणसानं भिंतीला पाठ लावून मधली वाट मोकळी ठेवली होती. बाबांनी मान वर केली नाही. त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे होतं. मी चालले तशी बोटं चालली. मला घाई नव्हती, तर त्यांनाही नव्हती. पहारेकऱ्याच्या खुर्चीजवळून जाताना तोही उठून उभा राहिला, का ते त्यालाही माहीत नसावं.

बसथांब्यांच्या बाजूच्या पहिल्या पायरीवर मी पाय ठेवला आणि मागची टकटक थांबली.